खैरनारांचं मराठी

जयप्रकाश खैरनार बोलायला लागले की आखातातल्या मंगफच्या त्या इमारतीत लिफ्टची वाट बघणारी माणसं आलेली लिफ्ट सोडून देत. माणूस कळवणकडचा. कोणाचीही थट्टा करायचा, पण अशी की ज्याची केली तोच ती पुढे चारचौघांत सांगत सुटायचा. रिफायनरीच्या कामांवर ते रिगिंग सुपरवायझर होते. टाक्या, पाइप, असलं जड सामान क्रेनला कसं बांधायचं, कुठं उतरवायचं, हे दहा देशांच्या माणसांना ओरडून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कॉम्प्रेसरच्या वर आवाज काढायची सवय घरीही सुटली नाही.

"अहो, मी इथंच उभी आहे, क्रेनवर नाही," लीनाताई म्हणायच्या.

"क्रेनवाला एकदा सांगितलं की ऐकतो तरी," ते म्हणायचे.

निवृत्तीनंतर नाशिकला परत जायचं ठरलं होतं. पण मुलगा क्षितिज इथल्याच एका बँकेत आयटीत लागला, त्याचं लग्न झालं, आणि आईवडील त्याच्या व्हिसावर राहिले. नाशिकचं जाणं दर वर्षी पुढच्या वर्षावर जात राहिलं. खैरनारांना त्याचं फारसं वाटत नसे. सकाळी भावाला कळवणला फोन लावायचा, कांद्याच्या रोपांपासून गावच्या सरपंचापर्यंत सगळ्याची खबर घ्यायची, मग खाली उतरून बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पाव आणायला जायचं आणि तासाभरानं यायचं, कारण वाटेत माणसं भेटत.

अशाच एका सकाळी भावाशी बोलता बोलता त्यांचे शब्द एकमेकांत अडकले. पलीकडे भावाला वाटलं रेंज गेली. तो "हॅलो, हॅलो, दादा, आवाज तुटतोय" म्हणत राहिला. लीनाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा फोन खैरनारांच्या उजव्या हातातून घसरत होता आणि ते त्या हाताकडे, हा कोणाचा आहे, अशा नजरेनं बघत होते.

सरकारी हॉस्पिटलनं जीव वाचवला. त्यात कोणी काही कमी केलं नाही. पायात पुन्हा जोर यायला लागला, तोंडाचा वाकडेपणा कमी झाला. फक्त आवाज नव्हता. लीनाताई रोज त्यांच्या उशाशी बसून घरातलं, गावातलं, जे आठवेल ते सांगत. ते ऐकत आणि डोळे भरून बघत.

मग एका दुपारी ते बोलले.

"माफी," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "माफी. माफी."

"अहो, कसली माफी?" लीनाताई त्यांचा हात धरून रडायला लागल्या. "तुम्ही काय केलंत? मी कधी काही म्हटलं का तुम्हाला? माफी नका मागू हो."

नेमका तेव्हाच मुझफ्फर भेटायला आला. मूळचा हैदराबादचा, क्रेन ऑपरेटर. खैरनारांबरोबर वीस-बावीस वर्षं एकाच साइटवर काढलेला. तो दारातच थांबला, मग हळूच म्हणाला, "भाभी, जेपी भाई माफी नहीं मांग रहे. वो अरबी बोल रहे हैं. माफी मतलब, नहीं है." त्यानं पलंगाजवळचा पाण्याचा ग्लास उचलून दाखवला. ग्लास रिकामा होता. "मोया?" त्यानं विचारलं.

"मोया," खैरनार म्हणाले, आणि हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसले.

पुढच्या दिवसांत एकेक शब्द येत गेला. खलास. यल्ला, म्हणजे चला. बुक्रा. शुवय्या, म्हणजे हळूहळू. सगळे साइटवरचे, तुटक, व्याकरण नसलेले, जे दहा देशांचे मजूर एकमेकांशी बोलतात तसे. मध्येच एखादा हिंदी शब्द. मराठी एकही नाही. लीनाताई "लीना" म्हणून दाखवत, स्वतःच्या ओठांवर त्यांचं बोट ठेवून. ते ओठ हलवत, घाम यायचा, आणि शेवटी "सदीक" म्हणत. सदीक म्हणजे दोस्त. साइटवर ज्याचं नाव ठाऊक नसतं त्याला हाक मारायचा शब्द.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. एकाहून जास्त भाषा येणाऱ्या माणसाची कधी लहानपणची भाषा उरते, कधी कामावर रोज वापरलेली. का, ते सांगता येत नाही. थेरपी लवकर सुरू करा, पहिले काही महिने महत्त्वाचे.

थेरपीसाठी तहवील लागते, म्हणजे एका डॉक्टरनं दुसऱ्याकडे पाठवण्याची चिठ्ठी. हॉस्पिटलनं घरी सोडलं की रुग्ण आपल्या वस्तीतल्या सरकारी दवाखान्याचा होतो, आणि तिथल्या डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय पुढे कोणी बघत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं चालण्याच्या व्यायामासाठी लिहून दिलं. बोलण्यासाठी लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाला, "ते बोलतात. मी बोललो त्यांच्याशी."

खरंच बोलला होता. त्यानं अरबीत "कसे आहात" विचारलं होतं, आणि खैरनारांनी "झेन, झेन", बरं आहे, म्हणून मान हलवली होती.

"पण ते माझ्याशी बोलत नाहीत," लीनाताई म्हणाल्या. क्षितिजनं ते इंग्रजीत सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला, लीनाताईंनी त्याची बाही ओढली. डॉक्टर वाईट नव्हता. बाहेर माणसं खोळंबली होती. त्यानं चिठ्ठी लिहिली, आणि नंबर लागेपर्यंत उन्हाळा संपत आला.

थेरपी करणारी हफिजा कालिकतची होती. अरबी, इंग्रजी आणि अडखळत हिंदी बोलायची. तिनं पहिल्याच दिवशी खरं ते सांगितलं. "इनका मराठी मैं वापस नहीं ला सकती. मुझे आता ही नहीं. यहां किसी को नहीं आता. मैं जो बचा है, उसको बढ़ा सकती हूं."

तिच्याजवळची चित्रांची कार्डं अरबी नावांची होती. ती घर, चावी, भाकरी, दार दाखवायची. खैरनार "बैत" म्हणायचे, "मिफ्ताह" म्हणायचे. एक-एक शब्द पक्का व्हायचा तशी हफिजा टाळ्या वाजवायची. मागं खुर्चीत बसलेल्या लीनाताईही वाजवायच्या. आपला नवरा आपल्यापासून एकेक शब्दानं लांब चाललाय असं त्यांना वाटायचं, आणि तरी टाळ्या वाजवायच्या.

घरी त्यांनी स्वतः सुरू केलं. वाटी, चमचा, टॉवेल, चष्मा. सकाळी जेवायच्या टेबलावर सगळं मांडायच्या. "ही काय? वा... वा... वाटी." ते लीनाताईंकडे बघत राहायचे. कधी वाटीवरून बोट फिरवायचे. त्यांना वाटी कळत होती, वाटीत काय असतं तेही कळत होतं, आणि लीनाताई जे बोलतात त्यातलं बरंचसं कळत होतं. एकदा त्यांनी रागानं टेबलावरचं सगळं हातानं लोटून दिलं. मग वाकून डाव्या हातानं एकेक वस्तू उचलायला लागले, आणि उचलताना रडत होते.

सून शलाका म्हणाली, "आई, मग आपणच शिकूया ना ते शब्द."

म्हणून साठी उलटलेल्या लीनाताई नवऱ्याशी बोलायला अरबी शिकल्या. पस्तीस वर्षं त्या देशात राहून त्यांना बकाल्यापुरते चार शब्द येत होते. आता त्या विचारायच्या, "चाय फी?" आणि ते म्हणायचे, "फी." चहा आहे का, आहे. एवढं झालं की त्यांना बरं वाटायचं. पण ज्या माणसानं त्यांना लग्नानंतर आठ दिवसांत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसवलं होतं, त्याच्याशी आता आहे आणि नाही एवढ्यावर संसार चालला होता. त्यांना विचारायचं असायचं की रात्री भीती वाटते का, मी चिडते तेव्हा राग येतो का. त्याला साइटवर शब्दच नव्हते.

गुरुवारी संध्याकाळी मुझफ्फर यायचा. तो आला की खैरनारांचा चेहरा बदलायचा. तो सोफ्यावर बसून हात वर करायचा, क्रेनला खुणा करतात तशा, आणि ओरडायचा, "जेपी भाई! फौग? तहत?" वर की खाली? खैरनार डाव्या हातानं खूण करायचे, "शुवय्या, शुवय्या, बस, खलास!" आणि दोघं मोठ्यानं हसायचे. तोच जुना आवाज. लीनाताई स्वयंपाकघरात भजी तळत उभ्या राहायच्या आणि तो आवाज ऐकायच्या. मुझफ्फरचा त्यांना हेवा वाटायचा. मग स्वतःची लाज वाटून त्या त्याच्या बशीत जास्त भजी वाढायच्या.

हिवाळ्यात हफिजानं सांगितलं की ठरलेली सत्रं संपली. पुढं यायचं तर नवी तहवील हवी. क्षितिज दवाखान्यात गेला. तिथं म्हणाले, हॉस्पिटलच्या तज्ज्ञानं गरज आहे असं लिहिलं तर आम्ही देऊ. तज्ज्ञानं तपासलं. दोन चित्रं दाखवली, हात उचलायला सांगितला, आणि लिहिलं की प्रकृती स्थिर आहे.

"स्थिर म्हणजे चांगलं ना?" लीनाताईंनी विचारलं.

क्षितिजनं तो कागद पुन्हा वाचला. "स्थिर म्हणजे आता आणखी सुधारणा दिसत नाही, आई. आणि सुधारणा दिसत नसली तर सरकारी विम्यातून थेरपी मिळत नाही. लहान मुलं रांगेत आहेत."

"मग आपण रांगेत थांबू."

"रांगच नाहीये आपल्याला."

त्याच्या कंपनीच्या विम्यात आईवडील होते, पण या वयाच्या माणसाची थेरपी त्यात नव्हती. तो रात्र रात्र लॅपटॉपवर शोधत बसला आणि नाशिकची एक थेरपिस्ट त्याला सापडली. मेधा तिचं नाव. व्हिडिओवर मराठीत सत्र घ्यायला तयार झाली. त्या दिवशी लीनाताईंनी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घातला.

"काका, नमस्कार. कळवणचे ना तुम्ही?" पडद्यावरची मुलगी गोड हसून म्हणाली. "सांगा बरं, याला काय म्हणतात?" तिनं एक कांदा धरला.

खैरनार पुढं झुकले. त्यांच्या घशात काहीतरी हललं. "का..." ते म्हणाले. "का... का..."

शलाकानं तोंडावर हात ठेवला.

"का..." आणि चित्र अडकलं. मेधाचे ओठ हलत राहिले, आवाज आला नाही. नेट परत येईपर्यंत खैरनारांनी मान फिरवली होती. पुढच्या सत्रांत त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. माणूस त्यांना समोर लागायचा. काचेतल्या माणसाशी ते बोलेनात. मेधानं महिनाभर प्रयत्न केला, मग लीनाताईंना वेगळा फोन केला.

"काकू, यांना समोर बसवून रोज काम करायला हवं होतं. सुरुवातीलाच. आता इकडे आणलंत तरी मी काही कबूल करू शकत नाही. थोडं येईल कदाचित. कदाचित नाही."

तरीही जायचा विचार झाला. नाशिकचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथं दोघांकडे बघायला कोणी नाही. आणि सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की इथे राहण्याचा परवाना जातो. आईवडिलांसाठी तो पुन्हा मिळेल याची खात्री कोणी देईना. क्षितिज म्हणाला, "मी नोकरी सोडतो." शलाकाच्या मांडीवर त्यांची छोटी लेक स्पृहा झोपलेली होती. लीनाताईच म्हणाल्या, "नको. कदाचितसाठी नको." ते वाक्य त्यांना पुढं अनेक दिवस आतून टोचत राहिलं, पण त्यांनी ते मागं घेतलं नाही.

वसंतात मुझफ्फरचं काम संपलं. वय झालेलं, कंपनीनं परवाना वाढवला नाही. तो निरोप घ्यायला आला तेव्हा खैरनारांना कसं सांगावं हे त्याला सुचेना. "जेपी भाई, मैं हैदराबाद. खलास," तो म्हणाला. खैरनारांनी त्याचा हात धरला. "बुक्रा?" त्यांनी विचारलं. उद्या?

"बुक्रा," मुझफ्फर म्हणाला आणि जिना उतरला. लिफ्टसाठी तो थांबला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी खैरनार संध्याकाळी दाराजवळ खुर्ची घेऊन बसले. लीनाताईंनी भजी केली. त्यांनी हात वर करून, मुझफ्फरसारखं, "फौग? तहत?" असं विचारूनही पाहिलं. त्यांचा आवाज बारीक, उच्चार चुकीचा. खैरनारांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं आणि त्यांचा वर केलेला हात हळूच खाली घेतला.

हळूहळू ते शब्दही कमी झाले. बोलायला कोणी नव्हतं. "यल्ला" गेला, मग "बुक्रा". भाऊ कळवणहून फोन करतो. लीनाताई फोन त्यांच्या कानाशी धरतात, तिकडून भाऊ पावसाचं, कांद्याचं सांगत राहतो, आणि ते डोळे मिटून ऐकतात. भाऊ शेवटी विचारतो, "दादाला समजलं का गं वहिनी?" लीनाताई म्हणतात, "समजलं."

महिन्यातून एकदा त्या त्यांना रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात नेतात. मागच्या खेपेला नवा डॉक्टर होता, तरुण. त्यानं फाइल उलटली आणि इंग्रजीत विचारलं, बोलण्याची थेरपी झाली होती का. लीनाताईंना आता एवढं इंग्रजी कळतं.

"येस," त्या म्हणाल्या.

"पुन्हा हवी आहे?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत होते, तोंड किंचित उघडं. हवी म्हटलं तर चिठ्ठी, मग तज्ज्ञ, मग तीच दोन चित्रं, मग स्थिर. दर पायरीला खैरनारांना आशा वाटणार, आणि ती त्यांच्या तोंडावर आपल्याला दिसणार.

"नो," लीनाताई म्हणाल्या. "ओन्ली टॅब्लेट."

डॉक्टरनं मान हलवली आणि गोळ्या लिहिल्या. बाहेर आल्यावर उन्हात खैरनारांनी त्यांचा दंड धरला, नेहमीसारखा, आणि दोघं गाडीकडे चालायला लागले.