नाचोचा उजवा घोटा

त्याचं नाव नाचो. हसू नका, माझं हसून झालंय. पासपोर्टवर इग्नासिओ बारेआ असं भारदस्त नाव होतं, पण त्यांच्याकडे इग्नासिओला लाडाने नाचोच म्हणतात, त्याला कोण काय करणार? माझं वैभवी त्याच्या तोंडात 'बाइबाबी' झालं, म्हणजे फिटंफाट झाली.

मी सेंदाईला आले ती नवऱ्याच्या मागून. देवदत्त इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो. मी पुण्यात स्पॅनिश शिकलेली. इथे दोन वर्षं घरात बसून जपानी शिकले, नाहीतर वेड लागलं असतं. त्याच सुमारास ट्रेनने चाळीस मिनिटांवरच्या गावातल्या एका फुटबॉल क्लबला स्पॅनिशचा दुभाषी हवा होता. तिसऱ्या श्रेणीतला क्लब, त्यांना दुसरं कुणी मिळेना. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तसं मुलाखतीत सांगितलंही. ते म्हणाले, नाचोला कळतं, तेवढं पुरे.

नाचो विंगर होता. विंगर म्हणजे मैदानाच्या अगदी कडेने चेंडू घेऊन सुसाट पळणारा. समोरच्याला चकवायचं आणि चेंडू आत टाकायचा, एवढंच त्याचं काम. पण चकवला गेलेला माणूस चिडतो, आणि त्याच्या बुटांना टोकं असतात. चौदा वर्षं हा माणूस पोटापाण्यासाठी लोकांना चिडवत आला आणि लाथा खात आला.

सेव्हिलजवळच्या गावातला पोरगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडली. एकोणिसाव्या वर्षी उत्तरेतल्या कुठल्याशा चिखलाच्या मैदानावर एकाने कोपर मारून त्याचं नाक फोडलं. नाकात कापूस कोंबून हा पुढे खेळला आणि गोल केला. तेव्हापासून त्याची खात्रीच झाली, की मार खाल्ला की गोल होतो. सगळ्यात वरच्या श्रेणीत तो एकच वर्ष खेळला. अकरा सामने, एक गोल. त्या गोलचा व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये होता आणि कोनबिनी म्हणतात त्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईलासुद्धा त्याने तो दाखवला होता. मग सायप्रस. तिथे प्रेक्षकांतून पेटता फटाका आला, खांद्यावर तळहाताएवढा भाजल्याचा डाग राहिला. मग पोलंड. तिथे एकदा हरल्यावर स्वतःच्याच पाठीराख्यांनी पार्किंगमध्ये खेळाडूंना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या थोबाडीत मारत सगळ्यांच्या जर्सी काढून घेतल्या. मी विचारलं, तू काय केलंस? म्हणाला, माझा नंबर आठवा होता, सातजणांचं बघून झालं होतं, म्हणून मीच आधी मारलं. त्यात दोन बरगड्या गेल्या. साधू नव्हताच तो. एका बचावपटूचं नाक डोक्याने फोडून सहा सामन्यांची बंदीही भोगली होती. त्या सगळ्यातून उरलेला असा एकतिसाव्या वर्षी तो आमच्याकडे आला, उजव्या घोट्यात तीन स्क्रू घेऊन.

इथे मात्र अगदी गावचा झाला. दोन खोल्यांचं घर, सायकल, खाली राहणारी म्हातारी. ही म्हातारी त्याने चुकीच्या दिवशी ठेवलेला कचरा उचलून परत त्याच्या दारात आणून ठेवायची आणि तो तिला वाकून वाकून सॉरी म्हणायचा. बायको आधीच सोडून गेली होती. त्याला आयुष्याकडून हवं होतं ते एकच, आणखी एक वर्ष खेळायचं. क्लबने सांगितलं होतं, मोसमातले उरलेले सहा सामने धडधाकट खेळलास तर पुढच्या वर्षी ठेवू. तेहतीस वर्षांच्या विंगरला दुसरा कुठला क्लब घेणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मला दुसरं काही येत नाही, बाइबाबी," तो एकदा म्हणाला. "मला पळता येतं."

आमचे मुख्य प्रशिक्षक ओनोदेरा-सान. प्रशिक्षकाला इथे कांतोकु म्हणतात आणि कांतोकु म्हणजे देवाच्या खालोखाल. साठीचा माणूस, पण राग आला की हाताला लागेल ते फेकायचा. बाटली, खुर्ची, एकदा तर चुंबकं लावायचा अख्खा फळा. बाटली नाचोच्या छातीवर बसायची आणि पाठोपाठ शब्द यायचे: आळशी, फुकटखाऊ, चालता हो आपल्या देशात. मी स्पॅनिशमध्ये सांगायचे, "मागे यायला तुला उशीर होतोय असं त्यांना वाटतं." नाचो कांतोकुंच्या आईपासून सुरुवात करून सगळं खानदान उद्धरायचा. मी जपानीत सांगायचे, "समजलं, प्रयत्न करतो." दोघंही मान डोलवायचे. क्लबमध्ये सगळे म्हणायचे, वैभवी-सान आल्यापासून किती शांतता आहे. देवदत्त म्हणायचा, तू त्या दोघांच्या मध्ये उशी धरून उभी आहेस. मला काय वाटत असेल? फुगले होते मी अगदी. एरवी पुण्याच्या बाईला उशी धरायला कोण सांगतं?

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. उरलेल्या सहांतला तिसरा सामना. हरलो असतो तर चौथ्या श्रेणीत घसरायची वेळ, त्यामुळे कांतोकु सकाळपासून धुमसत होते. समोरच्या संघाचा तीन नंबरचा बचावपटू म्हणजे मानेचा पत्ता नसलेला धिप्पाड गडी, आणि त्याला एकच काम दिलेलं दिसत होतं. बाराव्या मिनिटाला त्याने नाचोच्या नडगीवर बूट घातला, मोजा रक्ताने भिजला. पंचविसाव्याला मांडीत गुडघा. मग नाचो पडलेला असताना त्याच्या हातावर पाय देऊन, इकडेतिकडे बघत, तो निघून गेला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला दोन्ही पायांनी घसरत येऊन त्याने उजव्या घोट्यावर घाव घातला. नाचो लंगडत उठला आणि त्याची कॉलर धरली. पंचांनी दोघांना पिवळं कार्ड दाखवलं. बेंचवर बसून मी मराठीत शिव्या घालत होते. शेजारच्या राखीव गोलकीपरला काही कळलं नाही, पण तो जरा सरकून बसला.

मध्यंतराला एका गोलने मागे होतो. संघाच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनरने नाचोच्या घोट्यावरची पट्टी कापली. घोटा भरल्या वांग्याएवढा झाला होता, रंगही तोच. नाचो ओरडला वगैरे नाही. माझा हात धरून हळू आवाजात म्हणाला, "आत काहीतरी तुटलंय. सैल झालंय, हलताना कळतंय मला. मला काढायला सांग."

दोन वर्षांत या माणसाच्या तोंडून 'मला काढा' हे मी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच क्षणी कांतोकुंनी बर्फाच्या डब्याला लाथ मारली. बर्फ सगळ्या खोलीभर उडाला. परदेशी माणूस पडला की उठत नाही, असं काहीतरी ओरडत ते आमच्यासमोर आले आणि मला विचारलं, काय म्हणतोय?

मी म्हणाले, "चोत्तो इताई..."

इताई म्हणजे दुखतंय. आणि चोत्तो म्हणजे आपलं 'जरा'. आमच्या घरात डॉक्टरला 'जरा'शिवाय कुणी काही सांगितलेलं नाही. माझ्या आईचं अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हाही ती टेबलावर झोपून म्हणाली होती, "जरा दुखतंय हो." डॉक्टरांनी तिच्याकडे बघून काय ते ओळखलं. जपानीतही तसंच. चोत्तो म्हणायचं, वाक्य अर्धवट सोडायचं, आणि समोरच्याने समजून घ्यायचं की हे होण्यासारखं नाही. मला वाटलं, किती नेमका शब्द सापडला. नाचोचाही निरोप पोचला आणि कांतोकुंचाही मान राहिला. पण कांतोकुंना त्या क्षणी काही समजून घ्यायचंच नव्हतं. त्यांनी चोत्तोचा अर्थ थोडं असा घेतला. आणि खरं सांगते, मी घाबरलेही होते. उडालेला बर्फ माझ्या केसांत होता.

"थोडंच ना? मग खेळेल," म्हणून ते फळ्याकडे वळले.

अजून वेळ होती. दोन पावलं पुढे जाऊन 'नाही हो, आत तुटलंय' एवढं म्हणायचं होतं. मी नाचोकडे वळले आणि सांगितलं, ते म्हणतायत खेळ.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी सांगितलं ते सांगितलंस?"

"हो."

त्याने पाय ट्रेनरपुढे केला. ट्रेनरने पट्टी इतकी करकचून बांधली की नाचोने दातांत टॉवेल धरला. उठला आणि गेला.

अठ्ठावन्नावं मिनिट. नाचोला कडेला चेंडू मिळाला, तीन नंबर समोर आला आणि नाचोने त्याला चकवलं. त्या घोट्यावर, त्या अवस्थेत, असा चकवला की प्रेक्षक उभे राहिले. तीन नंबरने मागून उडी घेतली. कोंबडीची तंगडी पिरगाळताना होतो तसा आवाज आम्हाला बेंचवर ऐकू आला. नाचो पडला तेव्हा पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. तो आईला हाका मारायला लागला, आणि त्याचं भाषांतर करायची कुणाला गरज पडली नाही.

पुढे जे झालं ते मी जपानात पुन्हा कधी पाहिलं नाही. आमच्या बचावपटूने तीन नंबरच्या तोंडावर ठोसा मारला, गवतावर दात पडला. आमचा गोलकीपर अख्खं मैदान पळत आला आणि त्याने घोळक्यात उडी घेतली. दोन्ही बेंच रिकामे झाले. माणसं एकमेकांना खाली पाडून पोटात लाथा घालत होती. एरवी ट्रेनमध्ये धक्का लागला तर दोनदा माफी मागणारी ही माणसं. ओनोदेरा-सान समोरच्या प्रशिक्षकाचा टाय धरून त्याला गदागदा हलवत होते. मी नाचोकडे पळाले, वाटेत कुणाचं तरी कोपर बसलं आणि ओठ फाटला. तिथे ट्रेनर त्याचा बूट ओढून काढायच्या बेतात होता. मी त्याच्या पाठीत सणसणीत लाथ घातली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला लाथ मारली. तो बिचारा पडता पडता मलाच माफ करा म्हणाला. मग मी नाचोचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तो माझा हात सोडत नव्हता, आणि मला तो हात सोडवून घेऊन कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात सर्जन आले. घोट्याची हाडं तीन ठिकाणी तुटली होती, जुने स्क्रू हाड फाडून बाहेर आले होते. म्हणाले, चालता येईल, पळता येणार नाही. हे मी कुठेही मऊ न करता सांगितलं. नाचोने खिडकीकडे तोंड फिरवलं.

सर्जन गेल्यावर क्लबचे व्यवस्थापक सुगावारा-सान पुढे झाले. सभ्य माणूस, काळा सूट, हातात फाइल. अपघाताचा अहवाल तयार होता, त्यावर नाचोची सही हवी होती. त्याला वाचून दाखवा, म्हणाले. मी एकेक ओळ स्पॅनिशमध्ये सांगत गेले आणि सातव्या ओळीला थांबले. तिथे लिहिलं होतं: मध्यंतरात खेळाडूने स्वतः थोडंसं दुखत असल्याचं सांगितलं, व खेळण्याची तयारी दर्शवली.

ती ओळ मला सहज गिळता आली असती. दोन वर्षं तेच तर करत होते. मी काही शूर वगैरे नाही. पण त्याचं पाऊल वळलेलं मी पाहिलं होतं, आणि दोन रात्री डोळा लागला नव्हता. मी ओळ सांगितली, जशीच्या तशी.

"थोडं?" नाचो म्हणाला. "थोडं कोण म्हणालं?"

"मी म्हणाले."

पलंगाला टेकवलेली कुबडी त्याने उचलून फेकली. ती माझ्या खांद्याच्या हाडावर बसली, मी खुर्चीसकट भिंतीवर आदळले. मग पाण्याचा काचेचा जग आला, तो भिंतीवर फुटला. नर्स धावत आली आणि त्याचे हात धरायला लागली. त्याने तिला झटकलं, तिची टोपी उडाली. सुगावारा-सान दाराकडे सरकले होते, फोन हातात. नाचो धापा टाकत होता. मग एकदम शांत झाला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "थांब. आता मी बोलतो ते यांना सांग. एकेक शब्द. काही गाळायचं नाही."

दुभाष्याचा एक नियम असतो. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही. मी उभी राहिले आणि जपानीत बोलायला लागले. मी सांगितलं होतं की आत तुटलंय. मी म्हणालो होतो, मला काढा. ही बाई खोटं बोलली, त्यांच्याशीही आणि माझ्याशीही. मला एकच गोष्ट येत होती, मला पळता येत होतं. हिने माझा पाय मोडला. मध्ये त्याने मला उद्देशून दोन शिव्या दिल्या. त्यांना जपानीत तेवढे जहाल शब्द नाहीत, तरी असतील नसतील ते शोधून घातले.

सुगावारा-सान परत पुढे आले. त्यांनी फाइल उघडली, पेन काढलं, पलंगाकडे वळून वाकून विचारलं, "बारेआ-सान, ही बाई म्हणजे कोण?"

नाचो माझ्याकडे बघत थांबला, मी प्रश्न स्पॅनिशमध्ये सांगेन म्हणून. मी तो सांगितला नाही.

"मी," मी म्हणाले.

त्यांना कळेना. दोन वर्षं माझ्या तोंडातला 'मी' म्हणजे नाचोच होता, त्यामुळे ते त्याच्याकडेच बघत राहिले. तेव्हा मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पुन्हा सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.