स्टेशनावरच्या नळाचं पाणी

मारुतीमामा गेल्याची बातमी मला गुलबर्ग्याला तिसऱ्या दिवशी कळली, शाळेत मी तास घेत असताना. त्याला आता महिना होत आला. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. भालकीच्या अलीकडचं आमचं लहानसं स्टेशन, तिथे ते तीसेक वर्षं पाणीवाला होते. गाडी थांबली की घागर आणि लोटा घेऊन डब्यांच्या खिडक्यांखालून चालायचं आणि पुढे येईल त्या ओंजळीत पाणी ओतायचं, हे त्यांचं काम. आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला त्याच्या दुसऱ्याच वर्षी ही नोकरी लागली. धर्म बदलला होता, पण पेठेच्या लेखी मामा होते तेच होते.

लांबच्या मुलखातले प्रवासी मामांच्या हातचं पाणी पोटभर प्यायचे. आमच्या गावचे प्रतिष्ठित मात्र मे महिन्याच्या उन्हात कोरड्या घशाने फलाटावर उभे राहायचे आणि बीदरला उतरून कुणा अनोळखी माणसाच्या लोट्याखाली खुशाल ओंजळ धरायचे. त्यांच्या सोवळ्याची हद्द एका स्टेशनापुरतीच होती. शेवटी पेठेतले वकील अण्णा चारजणांना घेऊन स्टेशनमास्तरांकडे गेले. मास्तरांनी मामांना बोलावून घेतलं.

"मारुती, तू झाडलोट घे ना. पगार तोच."

"साहेब, आज झाडू घेतला तर उद्या घागर परत कोण देतंय?"

"आमचं तुझ्याशी काय वैर न्हाई रे," अण्णा म्हणाले.

"मग पिऊन बघा की, अण्णा."

अण्णा प्यायले नाहीत. त्यांनी वर अर्ज केला: स्टेशनावर नळ हवा, आरोग्याच्या दृष्टीने. रेल्वेनेही सिमेंटची टाकी बांधून खाली पितळी तोट्या बसवल्या. स्टेशनाच्या विहिरीवर पंप नव्हता. टाकी भरायचं काम मामांकडेच आलं... रोज सकाळी खांद्यावर घागर घेऊन ते लोखंडी शिडी चढायचे, फलाटावरची मंडळी ते बघत उभी राहायची आणि टाकी भरली की तोटीखाली आपापले तांबे धरायची. ही माणसं वकील होती, मास्तर होती, शिकलेली होती.

"मामा, कामून भरता? वाळू द्या टाकी," मी एकदा चिडून म्हणालो.

"पितेत तर माझ्याच हातचं. आता पाठ करून पितेत. एखादा तरी इकडं तोंड करील की."

त्या एकाची त्यांनी शेवटपर्यंत वाट पाहिली. गाडीला घागर घेऊन जाणं त्यांनी कधी सोडलं नाही. पेठेतली एकही ओंजळ पुढे आली नाही.

बातमी कळल्यावर मी निघालो आणि स्टेशनावर उतरलो, तेव्हा अण्णा नळापाशीच उभे होते. आता थकलेत.

"मारुती म्हणजे देवमाणूस, गुरुजी. साऱ्या गावाची तहान भागवली त्यानं," म्हणत त्यांनी तोटी फिरवली. थेंबही आला नाही. "बिघडलाय वाटतं."

"बिघडला न्हाई, अण्णा. तीन दिवस टाकी कुणी भरली न्हाई."

"अस्सं... नवा माणूस घेतला असंल की?" मग जरा जवळ येऊन हळूच, "कुणापैकी हाय?"

मी पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, झाकण उघडून त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"नको, तेवढी काय तहान न्हाई," म्हणाले, आणि पुन्हा त्या कोरड्या तोटीशी खटपट करू लागले.