वाकड्या गाडीचा लॉक

चौकशीच्या रिपोर्टचा मसुदा माझ्या टेबलावर आला, तेव्हा त्यात निष्कर्ष आधीच टाइप केलेला होता. ‘कर्मचाऱ्याने लॉक न लावता दुरुस्ती सुरू केली. कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.’ खाली तीन सह्यांची जागा होती. दोन झाल्या होत्या. तिसरी माझी.

ज्यांच्याबद्दल हे लिहिलं होतं ते हनुमंतराव, आमचे सीनियर फिटर, हॉस्पिटलमध्ये होते. त्यांचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला होता.

मी बंगळुरात एका सरकारी कारखान्यात डिझाइन इंजिनियर आहे. मूळची सांगलीची. इथे येऊन चोवीस वर्षं झाली. आमच्याकडे एक वेगळ्या धाटणीची मालवाहू गाडी बनते. बर्फ, दलदल, जिथे चाक रुततं तिथे जड सामान नेणारी. तिला चाकं नसतात, रुंद रबरी पट्टे असतात. आणि ती एक नसून दोन गाड्या असतात, पुढची आणि मागची, मधे एका मजबूत सांध्याने जोडलेल्या. साधी गाडी वळते तेव्हा पुढची चाकं वळतात. ही कमरेत वाकते. वाकवण्याचं काम सांध्याच्या दोन बाजूंचे हायड्रॉलिक सिलिंडर करतात, म्हणजे तेलाच्या दाबावर पुढे-मागे सरकणारे जाड दांडे. पुढच्या-मागच्या त्या दोन डब्यांच्या फटीत माणूस असताना गाडी वाकली, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

म्हणून तिथे लॉक असतो. हातभर लांबीचा एक स्टीलचा दांडा. तो दोन्ही डब्यांच्या मधे आडवा बसवायचा, भोकात पिन घालायची. मग सांधा हलू शकत नाही. त्या लॉकचं ड्रॉइंग माझं होतं. त्यावर सही माझी. आणि चौकशी समितीतही मीच होते. हे कुणाला खटकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

त्या दिवशी गाडी मागच्या ट्रायल ग्राउंडवर मातीच्या बांधावर चढत होती. मागच्या डब्यात पूर्ण वजन भरलेलं. अर्ध्या चढावर सिलिंडरच्या पाइपातून तेल गळायला लागलं. ड्रायव्हरने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. गाडी वाकडीच उभी राहिली. हनुमंतराव पाना घेऊन मधे शिरले, पाइपाचा नट सैल केला. आत अडकलेला दाब सुटला आणि उतारावरची ती अवजड गाडी आपल्याच वजनाने आणखी मिटली; त्यांचा पाय फटीत सापडला. कुणी स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता.

मसुद्यावर सही करण्याआधी मी हॉस्पिटलमध्ये गेले. त्यांच्या पत्नी, शारदाक्का, वॉर्डच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. हे बंगळुरातल्याच चामराजपेटमधलं जुनं मराठी घर. त्यांचं मराठी कानडीच्या अंगाने जातं, पण मला परकं कधी वाटलं नाही. त्यांनी कशाचीच तक्रार केली नाही. फक्त विचारलं, “यांच्या कागदावर काय लिहिणार तुमी?”

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. ते खोटं होतं.

हनुमंतराव जागे होते. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी लॉकचा विषय त्यांनीच काढला.

“लावायला गेलो होतो, अक्का. दोनदा गेलो. बसला नाही.”

“बसला नाही म्हणजे?”

“भोकाला भोक लागत नाही. सोडून दिला. स्वल्प तर काम आहे, म्हटलं.”

मी मान डोलावली. पण परत येताना माझ्या मनात आलं ते असं की माणूस अशा वेळी स्वतःला वाचवायला काहीतरी सांगणारच. हे इथे लिहिताना बरं वाटत नाही, पण आलं होतं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रायल ग्राउंडवर गेले. चौकशी संपेपर्यंत गाडी हलवायची नव्हती, म्हणून ती बांधावर तशीच उभी होती. खाली जॅक आणि लाकडी ठोकळे देऊन सांधा पक्का केलेला. मी ड्रायव्हरला सोबत घेतलं आणि लॉकचा दांडा गाडीच्या बाजूच्या क्लॅम्पमधून काढला. एक टोक पुढच्या डब्याला बसलं. दुसरं टोक भोकापासून चांगलं चार बोटं लांब राहिलं. अपघातात गाडी आणखी मिटली होती, म्हणून मी ड्रायव्हरला विचारलं की आधी ती किती वाकलेली होती. याच्या निम्मी, तो म्हणाला. निम्मी वाकलेली असती तरी पिन गेली नसती. मी दांडा उलटा करून पाहिला. भोकाच्या कडेला पिवळा रंग खरवडला होता, आतलं स्टील ताजं चमकत होतं. तसेच ओरखडे मागच्या डब्याच्या ब्रॅकेटवर होते. कुणीतरी तिथे पिन रेटून पाहिली होती.

मी तिथेच मातीत बसले.

आमच्या मॅन्युअलमध्ये एक ओळ आहे: ‘गाडी सरळ करूनच लॉक लावावा.’ ती मीच लिहिली होती. लॉकची चाचणी मी शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये घेतली होती, सपाट फरशीवर, सरळ उभ्या गाडीवर. दहापैकी दहा वेळा पिन गेली होती. पण गाडी सरळ होते तेलाच्या दाबावर. तेलच गळत असेल तर ती सरळ होणार कशी? म्हणजे ज्या बिघाडासाठी माणूस मधे शिरणार, नेमक्या त्याच बिघाडात माझा लॉक बसणार नव्हता. ड्रॉइंग तीन टेबलांवरून पास झालं होतं. एकानेही हे विचारलं नाही. पहिलं टेबल माझं होतं.

मी फोटो काढले, मापं घेतली आणि जनरल मॅनेजरांकडे गेले. ते तामिळ, आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत चालतं. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी फोटो नीट पाहिले. मग म्हणाले की हिवाळी ट्रायलसाठी गाड्या वर बर्फात जायच्या आहेत. कारण म्हणून डिझाइनचं नाव आलं तर ग्राहक सगळं थांबवेल. ही गोष्ट शेवटी ‘सूचना’ या सदरात घाला, पुढच्या बॅचला सुधारू.

मी म्हटलं, सूचनेत घातली तर कारणाच्या जागी हनुमंतरावांचं नाव राहतं.

“त्याने लॉक लावला नाही, हे फॅक्ट आहे ना?”

“लागत नव्हता, सर. हेही फॅक्ट आहे.”

त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवले. “मॅडम, पुढच्या महिन्यात तुमचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे. ड्रॉइंगवर सही कुणाची, हे ते विचारतील.”

“माझी आहे, असं सांगेन.”

बाहेर आल्यावर मोठं काही केलं असं अजिबात वाटत नव्हतं. एकच वाटत होतं, हे काम वर्षभरापूर्वी शॉपच्या बाहेर शंभर पावलं चालून करता आलं असतं.

मी मसुद्यावर सही केली नाही. वेगळी नोट जोडली, समितीतून माझं नाव काढायची विनंती केली. नवा सदस्य आला, त्याने स्वतः बांधावर जाऊन दांडा लावून पाहिला. रिपोर्ट बदलला. कारणाच्या रकान्यात लॉकचं डिझाइन आणि मॅन्युअलमधली सूचना आली. हनुमंतरावांच्या सर्व्हिस रेकॉर्डवर काही चढलं नाही. गाड्या त्या हिवाळ्यात वर गेल्या नाहीत. माझं प्रमोशन झालं नाही, आणि त्याबद्दल तक्रार करावी असं मला वाटलं नाही.

नवा लॉक कमी-जास्त लांब होतो, गाडी कितीही वाकडी असली तरी बसतो. शिवाय नट सैल करण्याआधी आतला दाब सोडायला एक छोटा व्हॉल्व्ह दिला आहे. हनुमंतराव आठ महिन्यांनी कृत्रिम पाय लावून कामावर आले, आता टूल रूममध्ये बसतात. पहिला नमुना मी त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो हातात घेतला, दोनदा लांब केला, दोनदा आखूड केला.

“सरी आहे,” ते म्हणाले, म्हणजे बरोबर आहे. मग टेबलावर ठेवत सावकाश म्हणाले, “हे आधी करायचं होतं, अक्का.”

मी हो म्हटलं.

तेव्हापासून सुरक्षेच्या कुठल्याही भागाचं ड्रॉइंग पास करण्याआधी मी एका फिटरला बरोबर घेते, गाडी चिखलात वाकडी उभी करते, मुद्दाम बिघडवते आणि मग तो भाग लावायला सांगते. अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस द्यायला आजवर कुणी नकार दिलेला नाही. आधी कुणी मागितला नव्हता, इतकंच.