कोरड्या टाकीतली मुलं

नव्या दप्तराच्या रेक्झिनचा वास आला की मी पुन्हा दिंडोशीच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये असते. मोठ्यांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, त्या टाकीत, ती कोरडी असताना, वस्तीतल्या मुलांना वाटायची दप्तरं रचली होती. काठ्या घेऊन जमाव घुसला, तसं दप्तरं वाटणाऱ्या चर्चच्या रूथमावशीने आम्हा पोरांना त्या टाकीत ढकललं आणि ती स्वतः काठावर उभी राहिली.

“पोरं बाटवतेस काय गं?”

“आमच्यात लहानांना बाप्तिस्मा देतच नाहीत! दप्तरं आहेत रे!”

काठी तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. ती हलली नाही.

मग आमच्या घराशेजारचे सदाकाका टाकीत डोकावले. “अगं, तू इथे? चल घरी.” काठी बगलेत धरून त्यांनी मला उचललं.

काकांनी वाचवलं, असं घरी अजून सांगतात. साफ खोटं! काका मारायला आले होते. वाचवलं मावशीने.