शिवणबाई आणि हिरवा दोरा

आमच्या गल्लीत कोणाचा टीव्ही बिघडला की माणसं मेकॅनिककडे जात नसत. ती जात मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंकडे, आणि यात आम्हांला काही वावगं वाटत नसे. बाई येत त्या शिवणाचा डबा घेऊन. डब्यात कात्री, क्रोशाची सुई आणि रंगीत दोऱ्यांची रिळं. टीव्हीच्या मागे जाऊन आधी प्रत्येक वायरीला दोरा बांधायचा, मगच ती काढायची, अशी त्यांची पद्धत. चित्राच्या वायरीला लाल, आवाजाच्या वायरीला हिरवा, छतावरच्या अँटेनाला काळा. "कंपनीनं वायरींना रंग दिलेच आहेत की," असं बाबा एकदा म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कंपनीचा रंग टिकते का नाही, मले माहीत नाही. माहा दोरा टिकते."

शिवणबाई हेच त्यांचं नाव. खरं नाव शाळेच्या मस्टरवरच राहिलं. त्यांचे यजमान नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करत. उरलेलं काम ते घरी आणत आणि बाई टॉर्च धरून बसत. ते गेल्यावरही लोक सवयीनं रेडिओ आणत राहिले आणि बाई सवयीनं उघडत राहिल्या. मग टेपरेकॉर्डर आले, मग टीव्ही. "वायर मंजे धागाच," त्या म्हणत. "कोठून निंगाला अन् कोठं गेला, एवढं पाह्यलं का झालं."

माझ्यावर त्यांचा जुना राग होता. शाळेत असताना मी बटणांची काजं फार वाईट करायची. पुढे त्यांनी आमच्या टीव्हीला झालरीचं कव्हर शिवलं आणि वायरी बाहेर काढायला मागच्या बाजूला दोन सुबक काजं केली. मी तेव्हा बी.ए.ला होते, घरात पाहुणे बसले होते. बाईंनी सगळ्यांसमोर मला हाक मारली. "पाह्य वं, याले काज म्हणतात. तू करत होती ते भोक होतं."

मामांनी परदेशातून व्हीसीआर आणला तेव्हा आईनं त्याची यथासांग पूजा केली. हळदकुंकू वरून वाहिलं तिथवर ठीक होतं. पण कॅसेट जाते ती फट तिला त्याचं तोंड वाटली असावी. तिनं भक्तिभावानं आत मूठभर अक्षता सोडल्या. कॅसेट घालताच यंत्र घरघरलं आणि गप्प झालं. मामा कपाळाला हात लावून बसले. बाई आल्या, प्लग काढायला लावला आणि क्रोशाच्या सुईनं एकेक तांदूळ टिपून बशीत ठेवला. "वहिनी, याले काहून जेवाले घालता? पाहाले आणलं न याले?" ते तांदूळ मग त्यांनी अंगणातल्या चिमण्यांना टाकले.

साऱ्या गल्लीचे टीव्ही जोडणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या घरी मात्र टीव्ही नव्हता. तो मिलिंद आणणार होता. मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा, चार वर्षांपासून आखातात नोकरीला. दसऱ्याला येतो, तुला दीक्षाभूमीवर नेतो, असं तो दरवर्षी लिहायचा, आणि बाई ते अभिमानानं सांगत फिरायच्या. दसरा यायचा, मिलिंद यायचा नाही. मग गल्लीच्या नळावर बायका हसायच्या. बाई फार मानी होत्या. ते हसू त्यांना झोंबायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मिलिंदची चिठ्ठी आली आणि सोबत कॅसेट. मित्राच्या कॅमेऱ्यावर तो आईशी बोलला होता. चिठ्ठी बाईंनी कोणाला दाखवली नाही. कॅसेटही त्यांना एकटीनंच पाहायची होती, पण व्हीसीआर आमच्याकडे होता आणि माझ्या आईनं उत्साहाच्या भरात रविवारी दुपारी साऱ्या गल्लीला बोलावून ठेवलं. शिवाय चिवडा केला.

पंख्याखालच्या जागेवरून दोन भांडणं झाली. बाई टीव्हीच्या मागे गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि पडद्यावर मिलिंद दिसला. "जाडा झाला गा!" कोणीतरी ओरडलं. त्याचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. बाबांनी बटण पिळून पाहिलं. मामा टीव्हीच्या मागे निघाले.

"हात लावू नका!" बाई कडाडल्या. "चित्र जाईन!"

आणि त्या स्वतःच सांगू लागल्या. "सगळ्याइले नमस्कार म्हणून राहिला. वहिनीच्या चिवड्याची याद येते म्हणते." आईनं लगेच पदर डोळ्यांना लावला.

नळावरची एक जण मागून म्हणाली, "दसऱ्याले येते म्हणते का?"

"येते म्हणते न," बाई ठामपणे म्हणाल्या. "तुले आयकू नाही आलं?"

आम्हां कोणालाच ऐकू आलं नव्हतं, पण ते बोलायची छाती कोणाची नव्हती.

सगळे गेल्यावर वायरी आवरायला मी टीव्हीच्या मागे गेले. लाल दोऱ्याची वायर जागेवर होती. हिरव्या दोऱ्याची वायर निसटली नव्हती. ती नीट गुंडाळून तिच्याच दोऱ्यानं गाठ मारून ठेवली होती. ती गाठ बाईंचीच होती. मी वळून पाहिलं. बाई मागेच उभ्या होत्या.

"लाव आता," त्या म्हणाल्या. "पण आवाज हळू ठेव वं."

मी वायर लावली. बाई टीव्हीला जवळजवळ कान लावून बसल्या. "आई, यंदाबी जमत नाही," मिलिंद सांगत होता. "चिठ्ठीत लेहलंच आहे. अजून दोन वर्षं थांबा लागते. कोणाले सांगू नको, हासतीन तुले." मला बाईंकडे बघवेना. तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "अन् काकूले सांग, त्याइच्या चिवड्याची लय याद येते."

बाईंनी डोळे पुसले आणि एकदम हसल्या. "पाह्य! चिवड्याचं खरं होतं न!"

त्या दसऱ्याला त्यांच्यासोबत दीक्षाभूमीवर मी गेले. निघताना नळावर कॅसेटच्या दिवशी मागून विचारणारी तीच भेटली. "काहून वं, मिलिंद नाही आला?" बाईंचा चेहरा उतरला. मी चटकन म्हटलं, "निंगालाच होता. साहेबानं ऐन टायमाले सुट्टी रद्द केली."

कोपऱ्यावर आल्यावर बाई थांबल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "हे काज जमलं वं तुले."

त्यांच्याकडून मिळालेली तेवढी एकच शाबासकी. ती मी अजून जपून ठेवली आहे.