चुडामणभाऊंची कोरडी खोली

संगणकाचं जुनं मशीन उघडायच्या आधी चुडामणभाऊ ते हुंगायचे. बोर्डाला हात लावण्यापूर्वी खिडकीच्या गजाला बोटं टेकवायचे, अंगातली वीज उतरावी म्हणून. गल्लीला वाटायचं, माणूस देवभोळा आहे. लग्नातली अंगठी खिळ्याला अडकवायचे. निघालेले स्क्रू जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चिकटपट्टीने ओळीने लावायचे. 'भंगार' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी काढायचा नाही. मशीनची ओळख कंपनीच्या नावाने नाही, ते आलं त्या गावाच्या नावाने. एक सावद्याचं. एक पाचोऱ्याची बाई.

"तुमची पाचोऱ्याची बाई सकाळपासून कुरकुरतेय," त्यांच्या पत्नी रूपाअक्का जिन्यावरून म्हणायच्या.

"तिचा पंखा अडकलाय. ती काही तुझ्यासारखी नाही, कारण असल्याशिवाय कुरकुरत नाही."

"मग तिलाच सांगा भाकरी थापायला."

धुळ्यात त्यांचा संगणकाचा क्लास होता. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल आले आणि पोरं येईनाशी झाली. क्लासची मशीनं कोणी विकत घेईना, फेकायला यांचा जीव होईना. ती सगळी जळगावच्या घरी आली, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. पोटापुरते प्रिंटर दुरुस्त करायचे आणि उरलेला जीव त्या खोलीत ओतायचा, असं चाललं होतं.

खोलीचा एकच कायदा होता. तिथे कूलर लागणार नाही. जळगावात चैत्र लागला की घरोघरी कूलर घरघरू लागतात. त्याशिवाय इथे माणूस दुपार काढू शकत नाही. पण कूलरचं पाणी बोअरचं, क्षाराचं. एका उन्हाळ्यात त्या ओल्या वाऱ्याने त्यांचा एक दुरुस्त केलेला बोर्ड पांढरा पडला होता आणि मेला होता. तेव्हापासून कूलर खालच्या घरात, कोरडी खोली वर. कथलाचा डाग देताना पंखाही बंद. केसासारखी बारीक तार वाऱ्याने हलते.

"ज्वारीच्या बिबड्या, पापड वाळवायला तुमची खोली बरी," रूपाअक्का म्हणायच्या. "गच्चीवर कावळे येतात."

फाल्गुनात साक्रीकडच्या एका खेड्यातून लताबाई आल्या. जीपमधून उतरवलेलं मशीन गोधडीत गुंडाळलेलं होतं. त्यांचे यजमान तोताराम गुरुजी दिवाळीनंतर गेले होते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाया झोक्यावर जी गाणी म्हणतात ती गुरुजींनी गावोगाव फिरून गोळा केली होती आणि या मशीनवर टाइप करून ठेवली होती. कागद वाळवीने खाल्ले. गाणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. धुळ्यातल्या दुकानदारांनी मशीन न उघडताच हात वर केले होते.

"त्यासनं बठ्ठं यामाच शे, भाऊ," लताबाई म्हणाल्या. "अखाजीले त्यासना नावनी पहिली घागर भरनी शे. पोर सुरतहून यी, ती वाची. माले वाचता येत नही. चालू व्हई का?"

चुडामणभाऊंनी झाकण उघडलं. हुंगलं. बोर्डावर बसवलेली बॅटरी फुटून वाहिली होती. हिरव्या बुरशीसारखी कीड पसरली होती आणि तिच्याखाली तांब्याच्या रेघा खाल्ल्या गेल्या होत्या. डिस्क शाबूत होती. पण इतक्या जुन्या धाटणीची ती डिस्क त्याच बोर्डावर वाचता येणार होती, दुसऱ्या कुठल्याही बोर्डावर नाही.

"अखाजीला गाणी मिळतील," ते म्हणाले.

रूपाअक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. असा शब्द ते कधी कोणाला देत नसत. प्रिंटरवाल्यांनासुद्धा 'बघू' म्हणायचे.

लताबाई गेल्यावर रूपाअक्कांनी विचारलं, "का हो, एवढं छातीठोक?"

"गुरुजींनी एवढी वर्षं टाइप केलं. मला नुसत्या तारा जोडायच्यात."

कीड धुण्यातच फाल्गुन सरला. व्हिनेगर, मग ब्रश, मग वाळवण, पुन्हा तेच. मग तारा. खाल्ल्या गेलेल्या प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना तार डाग देऊन बसवायची. चष्म्यावर भिंग लावूनही त्यांना आता ती रेघ सकाळी दिसत नव्हती. दुपारी ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट टेबलावर यायचं, तेव्हाच दिसायची. म्हणून ते जेवून वर जायचे, बाकीचं जळगाव दारं लावून आडवं व्हायचं त्या वेळी.

"अहो, माणसं चक्कर येऊन पडताहेत. पेपरात रोज आहे."

"ती उन्हात फिरणारी. मी सावलीत बसतो."

"पत्र्याखाली बसता. सावली कसली ती? कूलर वर आणते, तासभर लावू."

"लाव. आणि बोर्ड पांढरा पडला की लताबाईंना तू सांग."

 रूपाअक्का ताकाचा तांब्या वर ठेवून यायच्या. संध्याकाळी तो बहुतेक वेळा भरलेलाच असायचा. ताक सांडलं तर, म्हणून ते टेबलाजवळ घ्यायचे नाहीत. त्यांचा शर्ट मात्र पिळण्याइतका ओला झालेला असायचा.

अखाजी तोंडावर आली. त्या दिवशी रूपाअक्का गच्चीवरच्या बिबड्या उलथायला गेल्या आणि दारातून आत डोकावल्या. चुडामणभाऊ वाकलेले होते. चेहरा लाल होता. पण शर्ट कोरडा होता.

त्यांना बरं वाटलं. आज घाम नाही, म्हणजे खोली आज तेवढी तापली नसावी.

"क्लासची पोरं आली का गं?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"आली ना. रांगेत उभी आहेत," त्या म्हणाल्या आणि हसल्या. असली थट्टा त्यांच्यात चालायची.

"बसव त्यांना."

त्या खाली गेल्या. बिबड्या डब्यात भरल्या. कूलरसमोर जरा पाठ टेकली.

चहा घेऊन वर आल्या तेव्हा ते टेबलाच्या पायाशी कुशीवर पडले होते. अंगाला हात लावला तर तवा. ओल्या चादरीत गुंडाळून शेजारच्या अभिमनने त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात बर्फ लावला, सलाइन लावलं. ते शुद्धीवर आले नाहीत.

डॉक्टरांनी उष्माघात सांगितला आणि एकच प्रश्न विचारला. "घाम येणं कधी थांबलं होतं?"

रूपाअक्का म्हणाल्या, "दुपारी." मग त्यांना कळलं की त्या कोरड्या शर्टात आपण काय पाहिलं होतं.

साक्रीकडे त्या अखाजीला गुरुजींची घागर भरली गेली. गाण्यांशिवाय. लताबाई चुडामणभाऊंच्या दशक्रियेला आल्या. मशीनचं नाव त्यांनी काढलं नाही. रूपाअक्कांनीच त्यांना वर नेलं.

खोली होती तशीच होती. बोर्ड चिमट्यात उभा होता. त्याच्या एका कडेला बारीक तारांची ओळ होती, एकीशेजारी एक, एकसारखी. पुढे हिरवट, खाल्लेलं तांबं.

लताबाई जवळ गेल्या. हात मागे बांधून पाहत राहिल्या.

"किती राहिनं, बहीन?"

"मला नाही सांगता येत."

"हाई आते कोन करी?"

रूपाअक्का बोर्डाकडे वाकल्या. ओळीतल्या शेवटच्या तारेचं एकच टोक डाग देऊन बसवलेलं होतं. दुसरं जिथे जायला हवं होतं तिथे ब्रशने घासून तांबं चकचकीत करून ठेवलेलं होतं.