शिंगाडेवाल्या मावशींकडचा ओटीपी

बारावीत असताना मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर गॉगल लावून बसलो, फोटो काढला आणि नेटवर टाकला. खाली लिहिलं, 'नोकरी करतात ते नोकर, आपण तर राजे!' आमच्या दिघोरी गावातल्या झाडून साऱ्या पोट्ट्यांनी त्याला लाइक ठोकलं होतं. पुढे या राजावर नोकरी शोधायची वेळ आली. नागपूरच्या एका कंपनीने ईमेलवर मुलाखतीला बोलावलं आणि सांगितलं, त्याआधी तुमचं नाव आम्ही नेटवर शोधून बघतो. मी घाईने आधीच शोधलं. सगळ्यात वर ट्रॅक्टर!

तो फोटो काढून टाकायचा, तर त्या खात्याचा पासवर्ड आठवेना. नवा घ्यायचा, तर ओटीपी जाणार जुन्या नंबरवर, आणि तो नंबर मी रिचार्ज न करता केव्हाच घालवलेला. लावून पाहिला. तो आता दुसऱ्याच एका बाईंना मिळाला होता. 'सानगडीच्या बाजारातली शिंगाडेवाली हाय मी, बोला,' म्हणत त्यांनी उचलला.

"मावशी, तुमच्या फोनवर एक आकडा येईल. तेवढा सांगता का?"

"मले येडी समजून राहिला काय रे? ओटीपी कोनालेच सांगाचा नाही. ठेव फोन!"

असा संताप आला म्हणून सांगू! खातं माझं, थोबाड माझं, आणि चोरही मीच! त्यात बाईंचं बरोबर होतं, त्याचा राग वेगळाच. बाजाराच्या दिवशी गाडीला किक मारली आणि सानगडी गाठली.

टोपलीमागे बसल्या बसल्या मावशींनी माझ्या मोबाइलातला फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"हा तूच कायच्यावरून?"

"मीच आहो ना, मावशी!"

"मंग गॉगल लाव."

शेजारच्या दुकानातून गॉगल मागून आणला आणि लावला. कमरेवर हात ठेव म्हणाल्या, ठेवले. भाजीवाल्या बायांची अख्खी रांग हसायला लागली. मग मीही हसलो, करता काय!

"हाव, हाच हाय थो राजा," म्हणत त्यांनी मी नव्याने मागवलेला आकडा वाचून दाखवला. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं खातं पुसून टाकलं. जीव भांड्यात पडला.

"तुये दोस्त मले लय फोन करतेत, बाबू," मूठभर शिंगाडे देत त्या म्हणाल्या. "नोकरीवाल्याइचेबी दोनदा आलते. मी सांगतलं, इथं शिंगाडे भेटते."

मी कपाळावर हात मारला. या एका कंपनीशिवाय कोणीच बोलावत नाही म्हणून वर्षभर जगाला शिव्या देत होतो, आणि नोकरीच्या साइटवरच्या बायोडाटावर नंबर तोच जुना!

मुलाखत झाली. फॉर्ममध्ये ओळखीच्या, पण नात्यात नसलेल्या माणसाचा नंबर मागितला होता. मावशींना विचारून मी तोच पाठ असलेला नंबर लिहिला.

आठवड्याने कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"तुमच्या ओळखीच्या बाईंशी बोलले. म्हणाल्या, पोरगं खरं हाय, मी त्याले गॉगल लावून पाहिलं हाय. सोमवारपासून या."